परवा नाहीं

मैलापूरच्या माझ्या घरमालकांनी मला फसवलं, आणि तेही मराठीत. तमिळमध्ये मला आजवर कोणाला फसवता आलेलं नाही, तेलुगूत नाही, आणि नुसत्या बोटांच्या खुणांनी होणाऱ्या घासाघिशीतही नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण त्यांचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात, केवढा सज्जन माणूस! असतील सज्जन. माझी तक्रार सज्जनपणाबद्दल नाही.

गल्लीत त्यांना रायर म्हणत. तंजावरकडची मराठी माणसं मद्रासला आली की त्यांचे रायर होतात. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले, येताना अंगावरच्या कपड्यांबरोबर मराठी घेऊन आले, आणि मग ती त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपून वापरली. जिथं विरली तिथं तमिळचं ठिगळ लावलं. मी कापडाच्या धंद्यातला असल्यामुळे हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. ठिगळ मात्र आतून लावलं होतं, ते दिसलं नाही.

मी सोलापूरचा. मद्रासला चादरी विकायला आलो. निघताना सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "तिथं थंडी किती दिवस असते?" नसते. पण मार्गळीच्या, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या, महिन्यात पहाटे देवळात जाणारा मद्रासी माणूस कानाला मफलर गुंडाळून असा चालतो, की हिमालयच उतरून आला. थंडी असावी लागत नाही, माणसाला ती वाजावी लागते. मग चादर विकणं माझ्याकडे. खांद्यावर गाठोडं, पायात टायरच्या चपला. मैलापुरात चार वर्षांत मी चढलो नाही असा जिना उरला नव्हता.

रायर सरकारी कचेरीत नकाशे काढत. पेन्शनीत निघाले तरी दिशा सुटल्या नव्हत्या. त्यांना डावं-उजवं नव्हतं. "सोलापूरकर, तुमची चप्पल माझ्या आग्नेयेला आली आहे, काढतां का?" असं ते म्हणत. विहिरीवर आंघोळ करताना हाक यायची, "ती बादली नको, तिच्या वायव्येकडची घ्या." घराचाही त्यांनी नकाशा काढून भिंतीवर लावला होता. त्यात तुळस होती, विहीर होती, मांजर झोपायची जागा होती, आणि मागच्या बाजूला एका चौकोनात बारीक अक्षरात 'चादरी' असं लिहिलं होतं. तो मी.

त्यांची बायको म्हणजे मामी. सगळी गल्ली तिला मामी म्हणायची, म्हणून मीही. मामी बोलायची भरपूर. रायर बोलायचे मोजकं, आणि त्यातही अर्धा वेळ एकच वाक्य: "परवा नाहीं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांना चादर दाखवत होतो. घरमालकाला पहिली चादर दाखवावी, हा माझा नियम. त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "परवा नाहीं."

मी म्हणालो, "मग उद्या?"

"उद्या काय?"

"परवा नाही तर उद्या घ्या."

 त्यांनी चादरीची घडी घालून परत दिली. त्यांना नेमकं काय म्हणायचं आहे ते मला नंतर हळूहळू कळलं, म्हणजे कळलं असं मला वाटलं. 'पर्वा नाही' हा शब्द आमच्याकडेही आहे. ज्याला कशाचं काही वाटत नाही तो माणूस हे म्हणतो. मी हिशेब जुळवून पाहिला. त्यांची मुलगी शाळेत पहिली आली, पेढे वाटले, मी विचारलं, "खूश असाल?" म्हणाले, "परवा नाहीं." मामीला पंधरा दिवस ताप होता. सोळाव्या दिवशी ती उठून बसली. वैद्य दारातून विचारत होते, "आज कसं आहे?" रायर म्हणाले, "परवा नाहीं." मी मागच्या खोलीत चादरी मोजत होतो. हातातली मोजणी चुकली. पंधरा दिवस बायको मरणाच्या दारात, आणि या माणसाला पर्वा नाही! त्या दिवसापासून मी मनात त्यांचं खातं बंद केलं. दगडाशी भाव करता येत नाही.

पण पुढची खोली दगडाच्याच ताब्यात होती.

ती खोली रस्त्यावर उघडायची. बाहेर तिण्णै होती, म्हणजे घराबाहेरचा बसायचा ओटा, लाल, गुळगुळीत. समोरून देवळाकडे जाणारी सगळी माणसं जात. आत रायरांचे नकाशे होते, तीस वर्षांच्या सुरळ्या, एक लांब टेबल, आणि दाराला कुलूप. अशा जागी नकाशे ठेवणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं नव्हे, भांडं घेऊन ताकाकडे न जाणं. मला ती खोली हवी होती. हौस म्हणून नाही. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि बायको माहेरी होती. सासऱ्यांनी स्पष्ट लिहिलं होतं: गाठोडेवाल्याकडे मुलगी पाठवणार नाही, दुकान होऊ दे, मग न्यायला या. तीन वर्षांत आम्ही दोघं एका छपराखाली सगळे मिळून दीड महिना राहिलो होतो.

मी रायरांकडे विषय काढला. ते टेबलावर वाकून रेघ ओढत होते. रेघ पुरी झाल्यावर म्हणाले, "वर येऊन मागा."

ही त्यांची रीत. चेंगलपट्टूच्या पलीकडे एक डोंगर आहे. कचेरीत असताना त्या डोंगराची उंची नकाशावर रायरांनी लिहिली होती, दुसऱ्या कोणी मोजलेली, यांनी फक्त लिहिली. डोंगर स्वतः कधी पाहिला नव्हता. पेन्शन सुरू झाल्यापासून ते दर वर्षी ऐन उन्हाळ्यात एकदा चढून जात, उंची बदलली नाही ना ते बघायला. आणि भाडेकरूंना काही मागायचं असेल तर तिथंच मागायचं.

"सपाटीवर माणूस फार मागतो," ते म्हणत. "चढ लागला म्हणजे हवं तेवढंच मागतो."

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना विहिरीला नवा रहाट हवा होता. ते अर्ध्या वाटेवरून रहाट नको म्हणून परत फिरले. भाव पाडायची यापेक्षा चांगली युक्ती मी बाजारात पाहिली नाही, हे मी कबूल करतो. दुसरा नियम असा, की वर जे सांगितलं ते खाली पुन्हा सांगायचं नाही. "उतरताना शब्दाची उंची कमी होते." तिसरा नियम, दिवस ढगाळ हवा. उन्हात सावली पडते आणि डोंगर आहे त्याहून मोठा दिसतो. ढगात तो असतो तेवढाच दिसतो, असं त्यांचं मत होतं. मद्रासच्या मे महिन्यात ढगाची वाट बघणं काय असतं ते ज्यानं बघितली त्यालाच माहीत. रोज पहाटे रायर गच्चीवर जात, आभाळ बघत, खाली येऊन मान हलवत. मी रोज गाठोडं उचलून जात होतो.

नवव्या दिवशी त्यांनी दार वाजवलं. "ढग आलेत की. निघायचं?"

एग्मोरहून गाडी. रायर धोतर, काळा कोट सगळी बटणं लावलेला, कॅनव्हासचे बूट, आणि एक छत्री जी त्यांनी दिवसभरात उघडली नाही. आभाळ न धुतलेल्या मांजरपाटासारखं होतं, एकच रंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन नव्हतं, पण वाराही नव्हता. पहिल्या शंभर पावलांत माझा सदरा अंगाला चिकटला. सोलापूरला डोंगर नाहीत, त्यामुळे हा मोठा म्हणायचा की लहान, हे सांगायला माझ्याकडे दुसरा नमुना नव्हता. खाली काटेरी झुडपं, मग उघडा काळा खडक, खडकात खोदलेल्या थोड्या पायऱ्या, आणि मग पायऱ्या खोदणाराही कंटाळलेला.

वाटेत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिनं तमिळमध्ये विचारलं, "अय्या, देऊळ नाही, तीर्थ नाही, वर कशाला?"

रायर म्हणाले, "उंची बघायला."

"गेल्या साली बघून गेलात ना?"

"गेल्या सालची बघितली."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "आणि हा?"

"याला खोली हवी आहे."

"वर खोली नाही रे," म्हातारी मला म्हणाली, दयेनं.

अर्ध्यावर आम्ही मामीनं दिलेला चिंचेचा भात खाल्ला. माझं मागणं तयार होतं. धंद्यात पहिलं मागणं दुप्पट असतं. मी पुढची खोली, तिण्णै आणि विहिरीजवळचं छप्पर असं तिन्ही मागणार होतो. मग छप्पर सोडणार, मग खोली सोडल्यासारखं करणार, आणि शेवटी दोन्ही घेऊन उठणार. रायर विचारतील ते प्रश्न आणि माझी उत्तरं मी पायऱ्यांच्या तालावर पाठ करत होतो. पायऱ्या संपल्या तसा ताल गेला.

माथ्यावर एक सपाट खडक होता आणि त्यात मोजणीवाल्यांनी कोरलेला बाण. रायरांनी खाली बसून बाणावर तळवा ठेवला, चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाले, "आहे." मग माझ्याकडे वळले. "सांगा."

माझा श्वास लागला होता. छातीत भाता चाललेला. तिन्ही गोष्टी मागायला जेवढा वारा लागतो तेवढा माझ्याकडे नव्हता. जे बाहेर आलं ते असं: "पुढची खोली द्या. दुकान लावतो. दुकान नाही तोवर सासरे मुलगी पाठवत नाहीत. तीन वर्षं झाली. मला तिला आणायचंय."

जन्मात पहिल्यांदा मी खरा भाव आधी सांगितला होता.

रायरांनी ढगांकडे पाहिलं.  खाली रेल्वेचा रूळ राखाडी दोऱ्यासारखा पडला होता. मग हळू, अगदी शांतपणे म्हणाले:

"परवा नाहीं."

माझ्या डोक्यात काय झालं ते मी सांगत नाही. तोंडातून काय निघालं ते सांगतो. "नाही ना पर्वा? मग मलाही नाही! बायको मेली तरी ज्याला पर्वा नाही त्याला माझ्या बायकोची कशी असेल? ठेवा तुमची खोली! नकाशे पसरा, त्यावर मांजर झोपवा! मला नको!"

रायर म्हणाले, "नको?"

"नको!"

"बरं," ते म्हणाले.

मी खाली उतरलो, एकटा, दगड लाथाडत. रागात नैर्ऋत्येला उतरलो; स्टेशन ईशान्येला होतं. भलत्याच गावात निघालो, तिथून बैलगाडी, मग मोटार, आणि दिवे लागताना मैलापूर. दिवसभर ढग होते, पाऊस एक थेंब पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीचं कुलूप निघालेलं. रायर नकाशांच्या सुरळ्या काखेत घेऊन गच्चीवरच्या खोलीत चढवत होते. मामीनं फरशी धुतली होती, उंबऱ्यासमोर रांगोळी. मी ओळखलं: दुसरा कोणी भाडेकरू ठरला. रायर जिन्यात थांबून म्हणाले, "टेबलाचं पश्चिमेचं टोक धरतां का?"

मी धरलं. भांडण खोलीचं होतं, टेबलाचं नव्हतं. आम्ही ते टेबल वर नेलं. माझी खोली मी स्वतःच्या हातानं रिकामी केली, आणि खाली येऊन गाठोडं उचलून निघून गेलो.

पंधरा दिवस ती खोली उघडी होती. पंधरा दिवस मी तिच्यासमोरून मान वळवून जात होतो. सोळाव्या दिवशी तिथं कॉफीवाला आला. बिया भाजायचं यंत्र, दळायचं यंत्र, पहाटेपासून घरघर आणि वास. मैलापुरातली सगळी माणसं तिण्णैवर बसून ताजी पूड मिळायची वाट बघू लागली. माझ्या तिण्णैवर. मी महिनाअखेरीला खोली सोडली. निघताना रायर दारापर्यंत आले.  मामी पदरानं डोळे पुसत होती. कशासाठी, हे मी विचारलं नाही.

टी. नगरला साडीच्या दुकानाशेजारी एका जिन्याखालची जागा मी मिळवली. ती कशी मिळवली ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात मला कोणी फसवलेलं नाही. दोन वर्षं लागली. मग फळी, मग पाटी, मग मागे चूल, मग सोलापूरला पत्र, मग बायको.

ती आल्यावर महिन्याभरात रायर आणि मामी बसनं आम्हाला भेटायला आले. मामीनं नारळ, हळदकुंकू, ओटी सगळं आणलं होतं. माझा राग होता, पण दारात आलेल्या माणसाला जेवायला वाढू नये असं मला कोणी शिकवलेलं नाही. बायकोनं भाकरी केली, शेंगांची चटणी, पिठलं. तिचा पहिला पाहुणा. ती पदर मुठीत धरून उभी होती.

रायरांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला, खाल्ला. मान वर केली.

"परवा नाहीं," ते म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. मी ताट सरकवलं. "रायर, माझ्या खोलीची नव्हती, ठीक. पण चुलीपुढे भाजून निघालेल्या पोरीला तोंडावर—"

"अगो!" मामी ओरडली. माझ्यावर नाही, आनंदानं, माझ्या बायकोवर. "तुला परवा नाहीं म्हणाले! पहिल्या जेवणाला! माझ्या अंबट भाजीला तीस वर्षांत दोनदा म्हणाले असतील, बघ!"

बायकोनं मुठीतला पदर सोडला.

मी म्हणालो, "मामी, परवा नाहीं म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? चांगलं झालं. काही हरकत नाही. मन भरलं." ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होती. "परवायिल्लै की!"

परवायिल्लै. हा शब्द मी दिवसातून पन्नासदा ऐकत होतो. गिऱ्हाईक चादर हातात घेऊन 'परवायिल्लै' म्हणालं की मी बोलणं थांबवायचो, कारण माल खपलेला असायचा. छान आहे, चालेल, घेतली. रायर हा शब्द तमिळमध्ये म्हणाले असते तर मी माथ्यावर त्यांच्या पाया पडलो असतो. पण मी मराठी माणूस, म्हणून मान राखून त्यांनी तो माझ्यासाठी मराठीत केला. तमिळ ऐकताना मी सावध असायचो. मराठी ऐकताना कोण सावध राहतो?

मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही खोली दिली होती."

रायर म्हणाले, "दिलीच की. तुम्ही नको म्हणालात."

"कुलूप काढलं ते?"

"तुमच्यासाठी."

"रांगोळी?"

"ती मी," मामी म्हणाली. "आणि त्या दिवशी हे डोंगराखाली तुमच्यासाठी बसून राहिले की. दोन गाड्या सोडल्या. पोरगा चुकला असेल म्हणून."

"मग खाली आल्यावर एकदा सांगायचं होतं!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण साडीवाल्याचा नोकर डोकावून गेला. "एकदा! टेबल उचलताना! पश्चिमेचं टोक धरा म्हणालात, तेव्हा खोली तुमची एवढे दोन शब्द बोलला असतात—"

"वर सांगितलेलं खाली सांगत नाहीं मी," रायर म्हणाले. दुःखानं म्हणाले, हे मला मान्य आहे. "तुम्हांला ठाऊक होतं की."

"आणि कॉफीवाल्याला डोंगरावर नेलंत?"

"त्याला मी दिली," मामी म्हणाली. "धुतलेली खोली रिकामी किती दिवस ठेवायची? अशुभ. आणि मी डोंगर चढत नाही."

 बायको मला म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं आधी आले असते मी?"

हा प्रश्न तिनं मला विचारला, पण तो माझा नव्हता. तो मी तसाच उचलून रायरांकडे सरकवला. "सांगा तिला."

रायरांनी तिच्याकडे पाहिलं. मग ताटातली उरलेली भाकरी पाहिली. मग म्हणाले, "ढग येऊं देत. वर सांगतों."

आम्ही दोघं त्या उन्हाळ्यात वाट बघत होतो. मी गच्चीवर जायचो, बायको जिन्याखालून विचारायची, "आलेत का?" त्या वर्षी मे महिनाभर आभाळ नुसतं पितळेसारखं तापलेलं. जूनमध्ये दोनदा ढग आले आणि दुपारपर्यंत गेले. रायरांनी निरोप पाठवला, एवढे पुरणार नाहीत. ऐन पावसाळ्यात, ऐप्पसीमध्ये, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकात, जेव्हा मद्रासवर ढगच ढग असतात, तेव्हा रायर गेले. उत्तर न देता गेले. ही त्यांची दुसरी फसवणूक.

त्यांच्या मुलीला मी विचारलं, ती म्हणाली, अप्पांचं अप्पांना माहीत. मामीला विचारलं, ती रडली, आणि मग मला कॉफी करून दिली, त्याच दुकानातल्या पुडीची. चांगली होती. मी तिला तसं सांगितलं नाही.

आमची दोन वर्षं गेली आहेत. कोणाची तरी चूक असल्याशिवाय माणसाची दोन वर्षं जात नाहीत. रायरांची म्हणावी तर त्यांनी खोली दिली होती. मामीची म्हणावी तर तिनं रांगोळी काढली होती. माझी म्हणत असाल तर तसं समोर येऊन म्हणा. ज्यानं त्यांच्या मराठीला हे ठिगळ लावलं त्याचं नाव मला हवं. ज्याला ते माहीत असेल त्यानं पुढे यावं आणि माझ्या बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यावं. डोंगरावरच द्यायचं असेल तरी हरकत नाही. ढगाळ दिवस बघून आदल्या दिवशी कळवा. वाट मला ठाऊक आहे, आणि या वेळी मी ईशान्येनं उतरेन.